सातवं सेमिस्टर जर्मनीत करायचंय? मग आधी क्रेडिटचं लिहून घे

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी देवगड तालुक्यातली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ऑटोनॉमस कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, सहावं सेमिस्टर चालू. कॉलेजचा जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका होखशूलशी, म्हणजे तिकडच्या प्रॅक्टिकलवर भर असलेल्या उच्चशिक्षण संस्थेशी, करार आहे आणि सातव्या सेमिस्टरला तिकडे जायला तिची निवड झालीय. मेच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचंय. बाबांची हापूसची कलमं आहेत, त्या बागेवरच प्रोजेक्ट करायचा तिचा विचार आहे. बाबा म्हणतात आकडा सांग मग बघू. आई विचारते, "अगो, तुका थंय जेवूक काय गावतला?" आणि कॉलेजातले एक सर म्हणाले की जाऊ नको, वर्ष वाया जाईल. तर जावं का?

मी बरीच वर्षं एक्सचेंजच्या मुलांचं काम बघते, त्यातली बहुतेक आपल्या कोकणातलीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जा. पण हो म्हणायच्या आधी क्रेडिटचा, म्हणजे तिकडे केलेले विषय इथे धरले जातील याचा, कागद सहीशिक्क्यानिशी हातात घे, तो मिळत नसेल तर सरळ नाही म्हण. तुझ्या सरांनी जी भीती घातलीय ती खोटी नाहीये, वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिलीत, पण ती जर्मनीत नापास होऊन वाया गेलेली नाहीत, परत आल्यावर इथल्या परीक्षा विभागाने "हा विषय आमच्या सिलॅबसमधे बसत नाही" म्हटल्यामुळे गेलीत. आणि हे जायच्या आधी दोन आठवडे पाठपुरावा केला असता तर टळलं असतं.

आता हे क्रेडिटचं नीट समजून घे कारण बाकी सगळं यावर उभं आहे. युरोपात ईसीटीएस नावाची पद्धत आहे, पूर्ण वर्षाचे ६० आणि एका सेमिस्टरचे ३०, आणि एक ईसीटीएस म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं धरतात. आपल्याकडे २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कप्रमाणे वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २०, आणि एका क्रेडिटला ३० तास. आता बघ गंमत कुठे होते. समज तू तिकडे पाच-पाच ईसीटीएसचे पाच विषय घेतलेस, झाले २५. आपल्याकडचा कोणी म्हणाला की त्यांचे ३० म्हणजे आपले २०, तर तुझे २५ चे झाले १६ आणि वर थोडे. दुसरा कोणी म्हणाला तास मोजा, २५ गुणिले २५ तास म्हणजे ६२५, भागिले ३०, तर झाले २० च्या वर. दोन्ही हिशोब बरोबर आहेत आणि मधे चार क्रेडिटचा फरक आहे, म्हणजे एक अख्खा विषय! परत आल्यावर यातला कुठला हिशोब लागणार हे टेबलावर जो बसलेला असेल त्याच्यावर सोडायचं नाही. कोणता धरणार ते आत्ताच लेखी ठरवून घ्यायचं.

त्यासाठी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा तक्ता असतो. डावीकडे तिकडचा विषय, कोड, ईसीटीएस, उजवीकडे त्याच्या बदल्यात इथला कुठला विषय माफ होणार, त्याचा कोड आणि क्रेडिट. खाली तीन सह्या, तुझी, तिकडच्या कोऑर्डिनेटरची आणि इथल्या. आपली मुलं काय करतात, डावी बाजू व्यवस्थित भरतात आणि उजव्या बाजूला "अ‍ॅज पर इक्विव्हॅलन्स" असं एक वाक्य लिहून मोकळी होतात, कारण एचओडींनी तेच सांगितलेलं असतं. असं करू नको. प्रत्येक ओळीसमोर इथला विषय हवा. तिकडचा "हीट ट्रान्सफर" पाच ईसीटीएस, इथला अमुक कोडचा विषय चार क्रेडिट, अशी ओळीला ओळ. ज्या विषयाला इथे जोडीदारच नाही तो ओपन इलेक्टिव्हमधे टाकता येतो का ते विचार, बहुतेक ठिकाणी येतो. आणि इथली सही फक्त एचओडींची घेऊन थांबू नको, परीक्षा नियंत्रकांचीही घे, कारण निकाल एचओडी लावत नाहीत.

तुझं कॉलेज ऑटोनॉमस आहे हे तुझं नशीब, बोर्ड ऑफ स्टडीज कॉलेजातच आहे, एका मीटिंगमधे काम होऊ शकतं. तुझ्या ज्या मैत्रिणी मुंबई विद्यापीठाच्या किंवा लोणेरेच्या बाटूच्या संलग्न कॉलेजात आहेत त्यांना ही मंजुरी विद्यापीठाकडूनच आणावी लागते आणि त्याला महिने जातात, तेव्हा तुझं बघून कोणी निघालं तर त्यांना हे आधी सांग. अजून एक, एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमधे तिकडचं विद्यापीठ तुझे क्रेडिट टाकणार नाही, ते आपल्या कॉलेजाने टाकायचे असतात. ते कोण टाकणार हेही विचारून ठेव.

मार्कांचं पण एक आहे. जर्मनीत १.० सगळ्यात चांगला, ४.० ला जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास. आपल्या बरोब्बर उलट. तुला २.३ मिळाले तर तिकडे तो चांगला शेरा आहे, आपल्या दहाच्या स्केलवर चारला पास धरलं आणि त्यांचंच रूपांतराचं सूत्र उलटं लावलं तर ७.४ येतात. काही कॉलेजं हे आकडे सीजीपीएत धरतात, काही फक्त क्रेडिट धरतात आणि ग्रेड "पास" एवढीच दाखवतात. माझं स्पष्ट मत, तुझा सीजीपीए आत्ता आठच्या वर असेल तर "फक्त क्रेडिट" हा पर्याय मागून घे. नवीन देश, नवीन परीक्षा पद्धत, पहिल्याच फटक्यात तिथल्या मुलांच्या बरोबरीने ग्रेड येतीलच असं नाही आणि त्यापायी सहा सेमिस्टरची मेहनत खाली यायला नको. आणि एखादा विषय तिकडे राहिला तर काय? तिकडची फेरपरीक्षा बहुधा पुढच्या सेमिस्टरला असते, तू तेव्हा देवगडात असणार. म्हणून "राहिलेला विषय इथल्या सप्लिमेंटरीला देता येईल" हे वाक्य पण त्याच कागदावर हवं.

दुसरा मुद्दा कॅलेंडरचा. आपलं सातवं सेमिस्टर जुलैला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला संपतं. त्यांचं विंटर सेमिस्टर कागदोपत्री सप्टेंबर किंवा ऑक्टोबरला सुरू होतं, होखशूलमधे वर्ग सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि परीक्षा जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे तू घरी येशील तेव्हा इथलं आठवं सेमिस्टर महिनाभर पुढे गेलेलं असेल. तुमच्याकडे आठव्याला फक्त प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप असेल तर काही बिघडत नाही, कंपनीला फेब्रुवारी अखेरची तारीख सांगायची. पण आठव्याला थिअरीचे विषय आणि ७५ टक्के हजेरी असेल तर मात्र सवलतीचं पत्र आधीच घ्यायला लागेल. तू शिष्यवृत्ती घेत असशील, महाडीबीटीवरून, तर सातव्या सेमिस्टरची हजेरी कॉलेज कशी दाखवणार ते स्कॉलरशिपच्या खिडकीवर जाऊन लेखी विचार, कारण तुझी फी तू इथेच भरणार आहेस आणि नाव इथल्याच पटावर राहणार आहे. परतीचं तिकीट परीक्षेच्या तारखा लागल्याशिवाय पक्कं करू नको, किंवा तारीख बदलता येणारं घे, थोडं महाग पडलं तरी.

कॅम्पसचा प्रश्न तू विचारला नाहीस पण तो आहे. सातव्या सेमिस्टरलाच कंपन्या येतात. ऑनलाईन मुलाखती होतात हल्ली, पण काहींना मुलगा समोर लागतो. तुझ्या मनात कॅम्पसमधून लगेच नोकरी हेच असेल आणि घरी त्याची गरज असेल तर हे मी पहिलं वजनात घेईन, एक्सचेंज नाही केलं म्हणून आयुष्य अडत नाही. पुढे मास्टर्स करायचं असेल किंवा डिझाईन-ऑटोमोबाईलमधे जायचं असेल तर मात्र हे सेमिस्टर कॅम्पसपेक्षा जास्त उपयोगाचं.

आता बाबांचा आकडा. एक्सचेंज म्हणजे ट्यूशन फी इथेच भरायची, तिकडची माफ. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधे २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे पण करारातून आलेल्या एक्सचेंजच्या मुलांना ती लागत नाही, हे नॉमिनेशनच्या, म्हणजे तुझं नाव तिकडे कळवल्याच्या, पत्रात आहे ना ते बघून घे. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमधे पैसे आधी भरून दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो धरतात, सहा महिन्यांचे झाले ५९५२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. हे पैसे जात नाहीत, तिथे गेल्यावर दर महिन्याला ९९२ असे तुझ्याच खात्यात येतात आणि तूच खर्च करतेस, बाबांना हे नीट समजाव कारण "सहा लाख भरायचे आणि वर राहायचा खर्च" असं समजून लोक घाबरतात. त्याच्यावर विमान जाऊन-येऊन, व्हिसा फी ७५ युरो, खोलीचं डिपॉझिट, थंडीचे कपडे, सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क. सगळं धरून साडेसात-आठ लाखांची तयारी ठेवायची, त्यातले काही परत येतात.

महिन्याचं कसं जातं बघ. हॉस्टेलची खोली साधारण २५० ते ४०० युरो, तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, रेडिओ-टीव्हीचं शुल्क १८.३६, पण ते घरटी असतं म्हणजे एका फ्लॅटमधे चौघी असाल तर वाटून घ्यायचं. खाणं घरी केलंस तर २०० मधे आरामात. प्रवासाचं तिकीट बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळतं. म्हणजे ९९२ त नीट भागतं, थोडं फिरणंही होतं. पार्ट टाईम काम कायद्याने चालतं, वर्षाला १४० पूर्ण दिवस, पण सहा महिन्यांत भाषा नसताना काम मिळेल यावर घरचा हिशोब बसवू नको.

शिष्यवृत्ती दोन ठिकाणी बघ. तुमचा करार इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेखाली असेल तर महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च मिळतो, आणि ते पत्र असेल तर ब्लॉक्ड अकाउंटचा भार बराच हलका होतो. दुसरी बाडेन-व्युर्टेम्बर्ग स्टिपेंडियम, ती त्याच राज्यातल्या विद्यापीठांत येणाऱ्या एक्सचेंजच्या मुलांसाठी आहे, पण त्याला तिकडचं विद्यापीठच नाव पाठवतं, तू मागितल्याशिवाय ते पाठवणार नाहीत. आजच मेल कर. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर किंवा पीएचडीसाठी आहे, एका सेमिस्टरला ती नाही, त्यात वेळ घालवू नको.

पैसे कधी लागतात हे किती लागतात याइतकंच महत्त्वाचं आहे आणि बागायतदाराच्या घरात तर जास्तच. तुझं विंटर सेमिस्टर आहे म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट जूनमधे भरायचं, आणि वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे आंब्याचे पैसे, मे-जूनपर्यंत हातात येते. हे जुळतं. हेच सेमिस्टर समरचं असतं तर पैसे डिसेंबरात लागले असते, जेव्हा मोहोराच्या फवारण्या चालू असतात आणि घरात पैसा फक्त बाहेर जात असतो, तेव्हा मी तुझ्या बाबांना नाही म्हणा असंच सांगितलं असतं. पीककर्ज उचलून यात घालायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. पुढच्या वर्षी मोहोर थांबला, फळगळ झाली, तर ते कर्ज डोक्यावर आणि मुलगी परदेशात. शैक्षणिक कर्ज हवं असेल तर साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता देतात पण बँका ते पूर्ण कोर्सला देतात, एका सेमिस्टरसाठी शाखा व्यवस्थापकाशी आधीच बोलायला लागतं. आणि तारणाची वेळ आलीच तर आपल्या कोकणातले सातबारे तुला माहीत आहेत, सामाईक, आजोबांच्या भावंडांपासून सगळी नावं, अर्धी मुंबईत, सहीला कोण येणार. त्या वाटेला जाऊच नको.

बाबा आयकर रिटर्न भरत नसतील, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बरेच बागायतदार भरत नाहीत, तर त्याने व्हिसा अडेल असं समजू नको. ब्लॉक्ड अकाउंट यासाठीच असतं की पैसे आहेत हे दुसऱ्या कशाने सिद्ध करायला लागू नये. मात्र पैसे पाठवणाऱ्याचं पॅन आणि बँकेचं खातं स्वच्छ हवं, म्हणजे रोखीने घेतलेले पैसे आधी खात्यात भरून मग पाठवायचे, तेही एकदम शेवटच्या दिवशी नाही. वर्षाला १० लाखांच्या आत परदेशी पाठवलं तर टीसीएस, म्हणजे बँक तिथल्या तिथे घेते तो कर, कापत नाहीत, तुम्ही त्याच्या आत आहात.

व्हिसाचं थोडक्यात. ९० दिवसांच्या वर राहणार म्हणून टूरिस्टचा शेंगेन चालत नाही, नॅशनल व्हिसा लागतो, अर्ज मुंबईला व्हीएफएसमधे, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात. सहा ते बारा आठवडे धर. अपॉइंटमेंट जून-जुलैत येणार म्हणजे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असणार, गाड्या हळू, दरड आली तर खोळंबा, म्हणून एक दिवस आधी मुंबईत पोच, कोकणकन्याने सकाळी उतरून त्याच सकाळची अपॉइंटमेंट धरायची नाही. सप्टेंबरात निघताना पण गणपती बघ. गौरी-गणपती विसर्जनानंतर मुंबईकडे जाणारी एकही गाडी रिकामी नसते, विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी रेल्वेचंही बघायचं, नाहीतर तुझ्या गावाहून गोव्यातला मोपा विमानतळ मुंबईपेक्षा जवळ आहे, तिथून मुंबई किंवा दिल्ली गाठता येते. पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव ताडून बघ, आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं, आईचं असं सगळं असतं आणि पासपोर्टवर वेगळी मांडणी. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, विमा, हॉस्टेल, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव टाक.

आणि सिमकार्ड! इथलं सिम चालू ठेव आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथेच सुरू करून घे. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, कॉलेजच्या परीक्षा फॉर्मचा ओटीपी, सगळे त्याच नंबरवर येतात. तिथे बसून आठव्या सेमिस्टरचा फॉर्म भरायचाय आणि ओटीपी येत नाही, बाबा तिकडे फोन घेऊन रेंजसाठी आंगणात फिरतायत, असं होतं.

हॉस्टेलचा अर्ज निवड पक्की झाली त्याच दिवशी. जर्मनीत खोली मिळणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. श्टुडिएरेन्डेनवेर्क म्हणून संस्था असते, ती हॉस्टेलं आणि मेस चालवते, तिचा फॉर्म वेगळा, विद्यापीठाचा वेगळा, एक भरला म्हणजे दुसरा झाला असं नाही. पोचल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं किंवा हॉस्टेलचं पत्र लागतं. त्याच्याशिवाय पुढचं एकेक काम अडत जातं. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुरू व्हायला पण दोन-तीन आठवडे जातात म्हणून पहिल्या महिन्याचे हजार-बाराशे युरो फॉरेक्स कार्डवर वेगळे ने.

अभ्यासाचं मात्र नीट वाच. तिथे वर्गात कोणी हजेरी घेत नाही, बऱ्याच विषयांना इंटर्नल नाही, टर्मवर्क नाही, शेवटी एक ९० मिनिटांची परीक्षा आणि तेवढंच. आपल्या मुलांना पहिले दोन महिने वाटतं की किती निवांत आहे. तसं नाहीये. लेक्चरबरोबर सरावाचे तास असतात, त्यांच्या भाषेत युबुंग, त्यात गणितं सोडवतात आणि परीक्षेत तशीच गणितं येतात. लेक्चर एखादं चुकलं तर चालेल, युबुंग चुकवू नको. प्राध्यापकांच्या भेटीची ठरलेली वेळ असते, त्या वेळेत जाऊन सरळ विचारायचं, त्यांना त्यात उद्धटपणा वाटत नाही, उलट न विचारणाऱ्याला काही अडचण नाही असं ते धरतात. आपल्याकडे शांत बसणं म्हणजे आदर, तिथे तो अर्थ निघत नाही. असाईनमेंट मित्राची बघून उतरवणं तिथे फार गंभीर धरतात, अगदी एका परिच्छेदासाठीही.

आणि सगळ्यात मोठा धोका, परीक्षेला बसायचं तर स्वतः वेगळी नोंदणी करावी लागते. वर्गात बसलीस, सगळं आलं, पण नोंदणीची मुदत गेली तर परीक्षा नाही. ही मुदत बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात कधीतरी असते आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर एका कोपऱ्यात लिहिलेली असते, आपल्यासारखं नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी ओरडून सांगत नाही. गेल्या गेल्या तारीख शोधून फोनमधे टाक.

विषय किती घ्यायचे? फॉर्मवर ३० ईसीटीएस लिहिलेलं असतं म्हणून आपली मुलं तेवढे भरतात. तू २५ वर थांब, आणि त्यात निदान एक विषय असा घे जो इथे शिकवतच नाहीत. एक जर्मन भाषेचा. निघायच्या आधी मुंबई-पुण्याच्या माक्स म्युलर भवनाचा ऑनलाईन ए१, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, जमला तर उत्तमच, विषय इंग्रजीत असले तरी नगरपालिका, डॉक्टर, दुकान हे इंग्रजीत चालेलच असं नाही. तुझ्या बाबांच्या बागेवर प्रोजेक्ट करायचं म्हणतेस, फळ काढायचं किंवा प्रतवारीचं यंत्र, तर तिथल्या लॅबमधे त्याबद्दल बोल, होखशूलचा भर प्रॅक्टिकलवरच असतो, असं खरं काम घेऊन येणारं कोणी त्यांना आवडतं.

खोलीत चार भारतीय एकत्र राहून सहा महिने काढणारी मुलं मी बघते आणि मला फार वाईट वाटतं. सुरुवातीला आधार लागतो, मान्य. पण सरावाचा ग्रुप तिथल्या मुलांबरोबर कर, आठवड्यातून एक जेवण त्यांच्याबरोबर कर.

आता आईचं. आईला सांग जेवूक सगळां गावतां. तांदूळ, डाळ, मसूर, नारळाच्या दुधाचे डबे, सगळं आशियाई दुकानात मिळतं, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक शेगडी असते. काय न्यायचं ते मात्र नियम बघून. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काही नाही. ताजी फळं बिनदाखल्याची चालत नाहीत, केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन सोडून, म्हणजे आंब्याची पेटी नाही, आणि तू जाणार सप्टेंबरात तेव्हा तो प्रश्न नाहीच, पण मेमधे तुला कोणी भेटायला येणार असेल तर लक्षात असू दे. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, मालवणी मसाला खुशाल ने. सुकं खोबरं मात्र बॅगेत घालू नको, ते विमानात ज्वलनशील म्हणून धरतात आणि विमानतळावर काढून घेतात, ओला नारळ चालतो. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काही जात नाही.

सुकी मासळी, ऐकून आई खूश होईल, २० किलोपर्यंत नियमात बसते. सोडे, सुके बोंबील, सुका बांगडा, पॅक करून चालतं. पण शिजवताना डोकं वापर. एका मुलाने हॉस्टेलच्या सामायिक किचनमधे रात्री बोंबील भाजले, खिडकी बंद, पंखा बंद, बाहेर शून्याच्या खाली. तव्यातून धूर वर गेला, छतावरचा गोल डबा किंचाळायला लागला, आणि पाच मिनिटांत अख्खी इमारत, कोणी पायजम्यात, कोणी केसांना टॉवेल गुंडाळून, खाली अंगणात थंडीत उभी. हा बिचारा हातात उलथनं घेऊन सगळ्यांची माफी मागत होता. अशा वेळी अग्निशमनची गाडी आली तर खर्चही भरायला लागू शकतो. तेव्हा भाजण्याऐवजी कालवणात घाल, लाल मिरचीची फोडणी मंद आचेवर, खिडकी आधी उघडी. बाकी कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, आजारी पडलीस तरी जमेल. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी सामान आणून ठेव. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या मशीनमधे टाकली की परत मिळते, फेकू नको.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. समुद्राकाठच्या आपल्या मुलांना हे जड जातं, थंडीपेक्षा अंधार जास्त. तेव्हा रोज दुपारी जेवल्यावर अर्धा तास बाहेर चालायचंच असं ठरव, आणि फोनची वेळ घट्ट ठेव. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे, घरी रात्री साडेनऊ म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळचे पाच, ही वेळ सगळ्यांना सोयीची. खूपच उदास वाटलं, झोप जात असेल, तर विद्यापीठात समुपदेशक असतात, विद्यार्थ्यांना पैसे लागत नाहीत, संकोच न करता जायचं.

परत येताना पत्ता रद्द करायचा, विमा बंद करायचा, रेडिओ-टीव्हीचं शुल्क बंद करायचं, डिपॉझिटसाठी बँक खातं चालू ठेवून मग बंद करायचं. मार्कांचं ट्रान्स्क्रिप्ट तिथून निघायला महिना-दोन महिने लागतात, तोपर्यंत इथे तुझा सातव्याचा निकाल राखीव दिसणार, हे कॉलेजला आणि इंटर्नशिपच्या कंपनीला आधी सांगून ठेव. ट्रान्स्क्रिप्टची प्रत कोऑर्डिनेटरकडून ईमेलने थेट परीक्षा नियंत्रकांना जाईल असं बघ.

तर या आठवड्यात तीन कामं कर. तिकडच्या कोऑर्डिनेटरला मेल करून विषयांची इंग्रजी यादी, ट्यूशन माफीचं पत्र आणि स्टिपेंडियमचं विचार. एचओडींकडे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटचा तक्ता भरून ने, रिकामा नेऊ नको, भरलेल्या कागदावर सही लवकर होते. आणि आठव्या सेमिस्टरला थिअरी आहे का ते सिलॅबसमधे स्वतः उघडून बघ. मेच्या १० तारखेपर्यंत परीक्षा नियंत्रकांची सही झाली तर बाबांना आकडा दाखव आणि हो कळव. नाही झाली तर होखशूलला लिही की नॉमिनेशन एक सेमिस्टर पुढे ढकलता येईल का, काही ठिकाणी ऐकतात. पण मग ते समर सेमिस्टर होईल, पैसे डिसेंबरात लागतील आणि आठव्याचं प्रोजेक्ट तिकडे करायला लागेल, तेव्हा बाबांशी त्या हिशोबाने पुन्हा बसायला लागेल.